भाऊजींची लाडावलेली सफरचंदं

भाऊजी, तुमच्या सफरचंदांत अळी कधीच नव्हती. दुकानदाराने पेट्या परत पाठवल्या, त्या दिवशी तुम्ही माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर फळामागून फळ चिरत बसलात. सालीखाली तपकिरी, कडू ठिपके होते आणि अळीचा पत्ता नव्हता.

"वहिनी, चोर हुशार आहे," तुम्ही म्हणालात.

"चोर नाहीच. फळाला कॅल्शियम कमी पडलंय."

"एवढं खत घालतो, तरी उपाशी?"

"म्हणूनच. खतानं फांद्या माजल्या. कॅल्शियम पाण्याबरोबर चढतं आणि पाणी ओढण्यात पानांपुढे फळाचं काय चालणार? त्यात तुम्ही निम्मी फळं खुडून उरलेली भोपळ्यासारखी फुगवता. अंग वाढलं, पण कॅल्शियम तेवढंच राहिलं."

तुम्ही सुरी खाली ठेवलीत. लग्न केलं नाहीत, पोस्टातून निवृत्त झालात आणि सगळी माया झाडांवर ओतलीत. अशा माणसाला, फळांना तुमचे लाडच नडले, हे गोड शब्दांत सांगणं मला जमलं नाही.

"मग बाग काढून टाकू?" तुम्ही विचारलंत.

"डोकं ठिकाणावर आहे का? पुढच्या मोसमात फळं लहान असतानाच थेट त्यांच्यावर कॅल्शियम फवारायचं."

शनिवारी दोघांनी जाऊन फवारणीचा पंप आणायचं ठरलं. त्याआधीच तुम्ही वारलात, तेही न सांगता. बागेत आता बोराएवढी फळं धरली आहेत आणि मी अजून पंपाच्या दुकानाकडे वळलेले नाही.