सुगंधाबाईची पकड

धुळ्याला एका गल्लीत नवरा-बायकोचा खाजगी दवाखाना होता. नवरा खाली हाडं जोडायचा, बायको वर बाळंतपणं करायची. खालची आया सुगंधाबाई. पोरं धरावीत तर तिनंच. भुलीच्या डॉक्टरांची सुई दिसली की भलेभले बाप्ये गारठायचे, पण तिच्या हाताखाली चार वर्षांचं पोरही मुकाट पडून राहायचं. आईला ती आधी बाहेर घालवायची आणि मग पोराच्या कानाशी लागून सांगायची, "आवाज करा ते सुई वाट चुकस रे भाऊ." आवाज केला की सुई वाट चुकते, असा तो धाक. नवरा पॉवरलूमवर खोकून खोकून गेला, तेव्हापासून ती इथं होती. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण एवढं एक आपल्याला येतं याचा तिला केवढा अभिमान! आणि खोटं का बोला, डॉक्टरांनाही होता.

पंचाण्णव साली दिवाळी झाल्यावर शिरपूरकडचा आधार पाटील आपल्या भाईदासला घेऊन आला. नऊ वर्षांचं पोर, चिंचेवरून पडून हात मोडलेला. एक्स-रे काढून दुसऱ्या सकाळी उपाशीपोटी आणायला बजावलं होतं. पण एवढ्या मोठ्या कामाला निघालेलं पोर दही-साखरेशिवाय उंबरा ओलांडणार कसं? आईनं वाटीभर दही दिलं, वर अर्धी भाकर. भरल्या पोटी पूर्ण भूल दिली तर उलटी छातीत जायची भीती, आणि थांबावं तर बोटं निळी पडत चाललेली. हलत होती तेवढंच नशीब. भुलीच्या डॉक्टरांनी काखेत सुई देऊन नुसता हात बधिर करायचं ठरवलं.

काखेतली नस काही डोळ्यांना दिसत नाही. सुई अंदाजानं जाते. नसेला टेकली की हातात करंट मारतो, आणि तो पोरानंच सांगायचा असतो. मग सुई जरा मागं घेऊन औषध सोडायचं, नाहीतर ते नसेतच शिरून ती दुखावते. डॉक्टरांनी भाईदासला तसं समजावलं, तेही घाईत आणि पुस्तकी मराठीत. त्यानं मान डोलावली. मग सुगंधाबाई वाकली आणि सवयीनं आपलं तेच कानात सांगून बसली. एरवी सुईनं पोर नुसतं झोपायचं, त्यानं काही सांगायचं नसायचं, म्हणून आजवर काही बिघडलं नव्हतं.

सुई गेली आणि पोर एकदम ताठलं. तिच्या तळव्यांना ते कळलं. तिनं पकड घट्ट केली. काही होतंय का, असं डॉक्टरांनी विचारलं, तर भाईदासनं ओठ मिटून नुसती नाही म्हणून मान हलवली. औषध आत गेलं.

हाड छान बसलं. पण दुसऱ्या दिवशीही मनगट लुळं ते लुळंच. नस दुखावली होती. ताकद येईल, महिने लागतील, कदाचित येणारही नाही, असं हाडांचे डॉक्टर आधारला खाली मान घालून म्हणाले. नंतर सुगंधाबाईला म्हणाले, परदेशात आता सोनोग्राफीवर बघत बघत सुई देऊ लागलेत असं वाचलंय. आपलं वरचं यंत्र तेवढं बारीक दाखवत नाही. सुगंधाबाई जिना चढून त्या यंत्राच्या खोलीच्या दाराशी उभी राहिली. पोटातलं पोर दिसावं आणि टेबलावरचं दिसू नये! तिला यंत्राचा राग आला, त्याहून स्वतःच्या तोंडाचा. पण राग घेऊन करायचं काय?

संक्रांत उलटल्यावर भाईदासला तपासायला आणलं. मनगट तसंच लोंबत होतं. नसेत जीव आला असेल तर आधी टोचलेलं कळेल, असं सांगून डॉक्टरांनी अंगठ्याच्या मागं टाचणी टोचली. दुखतं का?

भाईदासनं आधी सुगंधाबाईकडं पाहिलं, मग मान हलवली. नाही.

ती त्याच्यापुढं उकिडवी बसली. "दुखत व्हई ते रड ना रे भाऊ. मी काही म्हणाव नही."

डॉक्टरांनी पुन्हा टोचली. टाचणीच्या टोकाशी रक्ताचा थेंब आला.

"नही दुखस, अक्का," तो म्हणाला. खरं सांगतोय की धीर धरतोय, हे डॉक्टरांना कळेना, बापाला कळेना आणि तिलाही कळेना.