तिघांचं कधीतरी

अंबरनाथ सोडलं तेव्हा मी रिक्षात बसलो होतो आणि मांडीवर सुकटीच्या चटणीची बरणी होती. कॉल सेंटरच्या नोकरीसाठी बंगलोरला निघालेला आमच्या आळीतला मी पहिलाच, त्यामुळे निरोपाला शेजारपाजार जमला होता. मी हात हलवला, डोळे पुसले, रिक्षा शिवमंदिराच्या रस्त्याला लागली, आणि वळणावर लक्षात आलं की बॅग ओट्यावरच राहिली. परत आलो. एकदा रडून झालेली माणसं लगेच दुसऱ्यांदा रडत नाहीत. दुसऱ्या निरोपाला सगळे हसत होते.

आई तेवढी गंभीर होती. "बाहेरचं खाऊ नकोस," म्हणाली.

बाबा मागून बोलले, "कधीतरी खाल्लं तर काय मरत नाही माणूस."

आईचा सल्ला मी सुकट संपेपर्यंत पाळला. रूममधल्या दोन शाकाहारी मुलांच्या विनंतीवरून ती लवकरच संपवावी लागली. मग ऑफिस सुरू झालं. आमच्या टीममध्ये कुणाचा ना कुणाचा बर्थडे असायचाच. बर्थडे नसला तर टार्गेट पूर्ण झालेलं, आणि टार्गेट झालं नसलं तर कुणीतरी नोकरी सोडून चाललेलं. आनंद असो की दुःख, पिझ्झा यायचा. मी स्वतः कधी ऑर्डर दिली नाही, म्हणून माझ्या मते मी बाहेरचं खातच नव्हतो. अंबरनाथच्या टेलरने शिवलेल्या पँटी एकेक करून कमरेत अडायला लागल्या, तेव्हा मी बंगलोरच्या पाण्याला दोष दिला.

लहानपणी आमच्याकडे 'बाहेरचं' म्हणजे बाबा फॅक्टरीतून येताना आणायचे ती भजी. आई पुडा ताटात उलटा करायची आणि वाटे घालायची. कुणी किती खाल्लं हे सगळ्यांनी पाहिलेलं असायचं. त्या भज्यांचं तेल काही औषधी नव्हतं. पण तेव्हा भजी खाऊन कुणाला काही झाल्याचं मला आठवत नाही. झालंच तर भांडण.

मी गेल्यावर घर पांगलं. बहीण सुजाता लग्न होऊन उल्हासनगरला गेली, सगळ्या सिंधी शेजारात. धाकटा मिलिंद बदलापूरला, एमआयडीसीतली नोकरी आणि नवा संसार. एक स्टेशन अलीकडे मुलगी, एक स्टेशन पलीकडे मुलगा, मधे अंबरनाथला आई-बाबा, आणि मी सणासुदीला उगवणारा पाहुणा. बाबा जन्मभर फॅक्टरीत टर्नर, लोखंड मापात कापणारे. रिटायर झाले आणि लगेच शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, तळलेलं, गोड, मैदा बंद करा. कधीतरी थोडं चालेल. आईने यातलं पहिलं वाक्य ऐकलं, बाबांनी दुसरं.

आईने घर असं चालवलं की फॅक्टरीचा फोरमन लाजेल. बटाटा हद्दपार. भात नावाला. नाचणीची भाकरी, मेथी, दुधी, पुन्हा मेथी. बाबांना एकट्याने वेगळं खावं लागू नये म्हणून तीही तेच खायची, तिला काहीही झालेलं नसताना. मी सुट्टीवर आलो की बाबा माझ्याकडे असे बघायचे, जसे जामीन मिळेल का म्हणून वकिलाकडे बघतात. मला राहवायचं नाही. "जरा फिरून येतो" असं आईला सांगून मी त्यांना कल्याणला नव्या पिझ्झाच्या दुकानात न्यायचो. पहिल्यांदा त्यांनी पिझ्झा फिरवून फिरवून पाहिला.

"कुणी कापलाय हा? एकही तुकडा मापात नाही. आमच्याकडे जॉब रिजेक्ट झाला असता."

आणि मग रिजेक्ट झालेला सगळा जॉब खाल्ला. परतताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आईला बोलू नको. आपल्या दोघांतलं आहे."

परदेशातून कमावून आल्यासारखं वाटलं मला. म्हाताऱ्याला वर्षातून दोन-तीनदा सुख देणारा मुलगा! त्या दोन-तीन वेळांनी काय होणार?

मग नवी चप्पल बाबांच्या अंगठ्याला चावली. साधी जखम, पण भरेना. शुगर उतरेना. डॉक्टर म्हणाले, अशीच वर राहिली तर अंगठा काढावा लागेल. आई फोनवर म्हणायची, "आता अजून काय बंद करू रे? तेलाचा नुसता हात फिरवते कढईला. माझ्याच हाताला काहीतरी झालंय, कळत नाही."

मी बंगलोरहून गंभीर आवाजात तिला कारल्याच्या रसाची कृती सांगितली. तेव्हा माझ्या टेबलावर काय होतं ते नका विचारू. कुणाचा तरी बर्थडे होता.

त्या वर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीला आम्ही तिन्ही भावंडं खूप दिवसांनी एकाच दिवशी घरी होतो. एरवी प्रत्येकाची सुट्टी वेगळी, येणं वेगळं. बाबा पांढरा शर्ट घालून, पायाला पट्टी बांधून दारात खुर्चीवर. मिरवणुकीत चालता येणार नाही म्हणून तोंड उतरलेलं. मला भरून आलं. म्हटलं, "बाबा, चला, रिक्षाने जरा फिरून येऊ."

तेवढ्यात मिलिंदने बाहेरून बाइकचा हॉर्न मारला. "बाबा, बसा मागे, एक राउंड मारून आणतो."

आणि सुजाता बाबांच्या कानाशी वाकून म्हणाली, "बाबा, मागच्या दारी या ना जरा. एक मिनिट."

आई खिरीचा डाव हातात घेऊन बाहेर आली. "एका लंगड्या माणसाला तिघं तिघं कुठे फिरवताय?"

एव्हाना मिलिंदच्या बाइकच्या डिकीतून शेजवानचा असा वास येत होता की मिरवणुकीतले दोघे थांबून बघायला लागले. आईने डिकी उघडायला लावली. मंच्युरियन. मग तिने सुजाताची पिशवी घेतली. स्टीलच्या डब्यात दाल पकवान, म्हणजे डाळ आणि मैद्याच्या तळलेल्या कडक पुऱ्या.

"अगं, हे बाहेरचं नाही," सुजाता घाईने म्हणाली. "शेजारची भाभी घरी करते. घरचंच आहे! आणि मी काय रोज आणते? पंधरा दिवसांतनं एकदा."

"माझ्यात तर भाज्या असतात," मिलिंद म्हणाला. "कोबी, सिमला मिरची. आणि ते पण फक्त संडेला, यार."

मी मोठा भाऊ. मला संताप आला. मी हात मागे बांधून व्याख्यान सुरू केलं: मैदा म्हणजे काय, तेच तेल पुन्हा पुन्हा तापवल्यावर काय होतं, बाबांच्या जिवाशी खेळताना लाज कशी वाटत नाही. चांगलं रंगात आलं होतं. सुजाताने मान खाली घातली होती.

"याचा पिझ्झा तेवढा थंड होता मागच्या वेळी," बाबा खुर्चीतून म्हणाले.

मिलिंद हसता हसता बाइकवरून पडायचा राहिला. "दादा, तू पण?"

मीही हसलो असतो. पण आई ओट्यावर बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. डाव मांडीवर ठेवून ती एवढंच म्हणाली, "मी वर्षभर स्वतःला दोष देत होते."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. पट्टीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मला वाटायचं, प्रत्येकाचं कधीतरीच तर खातोय."

बाबा खोटं बोलत नव्हते. आम्हीही नव्हतो. पण मुलं वेगवेगळ्या गावी राहिली की बापाचं ताट एका ठिकाणी दिसत नाही. प्रत्येकाला आपण वाढलेला घास तेवढा दिसतो.

अंगठा काढावा लागला. शुद्धीवर आल्यावर बाबा आम्हा तिघांना म्हणाले, "आता तिघांनी वाटून घ्या." त्या विनोदावर कुणाला हसता आलं नाही, म्हणून ते स्वतःच हसले. मी डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं, आमच्यामुळे झालं का? ते म्हणाले, असं एका पदार्थावर बोट ठेवता येत नाही. जखम होती, जुनी शुगर असेल, वय आहे. मग चष्मा पुसत म्हणाले, "कधीतरी चालेल असं मीच सांगितलं होतं. कधीतरी म्हणजे किती, ते कुणी विचारलं नाही."

मी यावर पुष्कळ विचार केलाय. एका प्लेटने बाबांना काही झालं नसतं, असं मला अजूनही वाटतं. धडधाकट माणसालाही महिन्या-दोन महिन्यांनी खाल्लेला बर्गर मारत नाही. पण ती प्लेट एकच आहे की तिसरी, हे माहीत असणारं माणूस जवळ लागतं. बंगलोरला मला तसं माणूस नव्हतं. टीममधल्या प्रत्येकाला वाटायचं, आज याने आपल्या बर्थडेचा पिझ्झा खाल्ला. बाकीच्यांचे पिझ्झे फक्त माझ्या पोटाला ठाऊक होते, आणि पोट कुणाला सांगत नाही. नंतर ऑफिसच्या मेडिकलमध्ये माझा रिपोर्ट आला तेव्हा त्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "बाहेरचं किती खाता?" मी प्रामाणिकपणे म्हणालो, "कधीतरी." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग रिपोर्टकडे, आणि पेनाचं टोपण लावलं.

तेव्हापासून आई आम्हा तिघांना रोज संध्याकाळी फोन करते. काय खाल्लं, एवढंच विचारते. बाबांनी काय खाल्लं ते न विचारता सांगते. सुरुवातीला मला ती हजेरी वाटायची. मित्रांसमोर मी फोन घेऊन कोपऱ्यात जायचो, आणि माझं कुणाशी तरी जमलंय अशी ऑफिसभर बातमी झाली. मी ती खोडून काढली नाही.

तुमच्यातले जे गाव सोडून लांब गेलेत, त्यांना घर म्हटलं की काय काय आठवत असेल. मला एवढंच कळतं की या अख्ख्या शहरात आज दुपारी मी काय खाल्लं हे कुणालाही ठाऊक नाही, आणि अंबरनाथच्या एका बाईला ते कळल्याशिवाय दिवस संपल्यासारखा वाटत नाही. तिला कळेपर्यंत मलाही वाटत नाही.

परवा फोनवर सांगून टाकलं, "आई, बर्गर खाल्ला. मोठा."

मी ओरडा खायच्या तयारीत होतो.

"बरं," ती म्हणाली. "मग आता रात्री काय खाशील?"