आत्याची पोत आन् माहा पहारा

आमच्या कॉलेजात एका सरांनं सुरक्षिततेवर तासभर भाषण देलं. "सभोवताली लक्ष ठेवा!" असं म्हनत म्हनत सर मागं सरकले, आन् स्टेजच्या पायरीवरून सरळ खाली गेले. त्याईची नक्कल मी घरी इतक्या खेपा केली का घरच्यायले वाटलं, पोराले विषय समजला.

म्हनून अकोल्याची आत्या पोरीच्या लग्नाचा बस्ता घ्याले अमरावतीले आली, तवा पहाऱ्यावर मले लावलं. आत्याच्या गळ्यात सोन्याची पोत. शेवंती-झेंडू विकून विकून केलेली, आन् पंधरा दिवसांनं पोरीच्या गळ्यात पडाची होती.

"आत्या, घरी ठेव ना पोत."

"घरात पाहुने. पिशवीत ठेवली तं पिशवी विसरीन. गळा काई मी कुठी विसरत नाही."

भर दुपारी बाजारात ऑटोतून उतरलो. मी एकदम जासूस. एक दाढीवाला तीनदा दिसला, त्याच्यावर डोळे वटारले. तो भेळवाला निघाला, अन् त्याच्या गाडीले चकरा आमीच मारून राहिलो होतो. मंग एक हेल्मेटवाला दिसला. बदकासारखा डुलत चालला होता. अशी चाल रोज भेटत नाही. मी त्याच्या मागं मागं डुलत निंगालो.

चाल जमली अन् मी वळून पाह्यलं. आत्या पार मागं, एका बंद दुकानापाशी. तिच्यासमोर मोटरसायकलवर एक जन, हातात चिठ्ठी. मी गर्दीतून वाट काढत पयत निंगालो, त्यायचं बोलनं कानावर येत होतं.

"मावशी, हा पत्ता कुठी येते?"

आमच्या वऱ्हाडात पत्ता असा भेटत नाही. आधी सोताचा द्या लागते.

"पयले हे सांग बावा, तू कोन गावचा?"

"अकोल्याचा."

तिथंच फसला बिचारा.

"अवं माय! अकोल्यात कुठीसा?"

"स्टेशनपाशी."

"स्टेशनच्या अल्याड का पल्याड? मामाचं गाव कोनतं तुह्या?"

"मावशी, उशीर होऊन राहिला मले."

"मंग गाडी बंद कर ना, पेट्रोल कायले जाळतं!" आत्या एवढ्या जोरानं बोलली का बाजूच्या दुकानातून दोन बाया बाहेर आल्या.

"कोन हाये अकोल्याचं? माहं माहेर तिकडचंच!"

रसवंतीवाला बी आला. चौघं मिळून त्याच्या सात पिढ्या काढाले बसले. त्यानं चिठ्ठी टाकली, गिअर टाकला, अन् पयाला. चिठ्ठी कोरी होती.

मी धापा टाकत पोचलो. पोत जागेवर.

"भेली का आत्या?"

"पाय कापत होते. तोंड थोडीच कापते!"

संध्याकाळी घरी मी सगळ्यायच्या नकला केल्या. चिठ्ठीवाला, बाया, रसवंतीवाला. पाहुने हासून हासून लोळले. मंग आत्याची कराले उभा राहिलो, तिच्यासारखाच, अन् तिथंच थबकलो. पाठ शटरले टेकलेली. पिशवी तिच्या अन् गाडीवाल्याच्या मधात धरलेली. एक हात पदराखाली, पोतीवर. दुपारी हे सगळं मले दिसलं होतं, पन समजलं आता.

"आत्या, हे तू कवा केलं?"

"त्यानं गाडी बंद केली नाही, तवाच. ज्याले खराच पत्ता पाह्यजे, तो आधी गाडी बंद करते." मंग म्हने, "आता तुही सोताची नक्कल कर."

"माही?"

"हो. पहारेकऱ्याची."

मले जमली नाही. मंग आत्याच उठली, अन् पाहुन्यायच्या मधातून बदकासारखी डुलत पार सैपाकघरापर्यंत गेली. हुबेहूब मी. फरक एवढाच, का तिचा एक हात तवाबी पोतीवरच होता.