आत फक्त लोखंडाचा तुकडा होता

भूत, करणी, पितर, संकेत... यातलं काहीही मी मानत नाही. बनारसमध्ये राहून न मानणं जरा जास्त अवघड आहे. आमच्या गल्लीत दर तिसऱ्या माणसाकडे असा एक किस्सा असतो आणि मी प्रत्येकाला एकच विचारत आलोय – तुम्ही स्वतः बघितलंत का? बहुतेक वेळा ते कुणाच्या तरी मामेसासऱ्याने बघितलेलं निघतं. हे मात्र मी स्वतः बघितलंय, म्हणून लिहितोय. आणि रागात लिहितोय, तेही आधीच सांगतो. माझी मराठी घरात बोलायची आहे, शाळा सगळी हिंदीत झाली. लिहिण्यात चुका असतील तर असू द्या.

आम्ही दूधविनायकला राहतो. बाबा आचारी होते. महाराष्ट्रातून श्राद्ध करायला येणाऱ्या यात्रेकरूंचा स्वयंपाक करायचे. श्राद्धाच्या स्वयंपाकाची चव घेता येत नाही, पितरांच्या आधी कुणी तोंड लावायचं नाही. म्हणून बाबा पातेल्यात नुसतं बघून मीठ कमी आहे की बरोबर ते सांगायचे. चौथी शिकलेला माणूस. त्यांच्या मुलाने बी.एस्सी. केलं, फिजिक्स घेऊन, आमच्या घराण्यात पहिल्यांदा. हे मी जिथे तिथे सांगतो. लोकांना शेखी वाटते. वाटू दे.

मी कोचिंगमध्ये शिकवतो आणि पुण्याच्या एका वेबसाइटसाठी वस्तूंचे रिव्ह्यू लिहितो. प्रत्येक रिव्ह्यू बाबा माझ्याकडून वाचून घ्यायचे. ब्लूटूथ, मेगापिक्सेल काही कळायचं नाही, पण शेवटी एकच विचारायचे – "बघून लिहिलंस ना?" मी हो म्हटलं की झालं. या उन्हाळ्यात बाबा गेले. त्यानंतर कुणी विचारलं नाही, पण मी बघूनच लिहितो.

तर तो डबा. दर महिन्याला घरी येणारा सबस्क्रिप्शन बॉक्स – सायन्स फिक्शनची आवड असणाऱ्यांसाठी, दर वेळी वेगळी थीम. कंपनीचं नाव लिहीत नाही, वकिलाची भाषा त्यांची आधीच वापरून झाली आहे. या वेळची थीम होती 'परतीचा प्रवास'. एक अंतराळवीर, ज्याच्या हेल्मेटचा रंग बोटाला लागतो. वाकड्या पिनेचा बिल्ला. मंगळाचं पोस्टर, नेमकं मंगळावरून घडी घातलेलं. आणि डब्यातली सगळ्यात महाग, जिच्या जोरावर डबा विकला जातो ती वस्तू – 'बीकन'. मुठीएवढं अंतराळयान, पोटात एक छोटी खिडकी, त्यातून म्हणे उजेड येतो.

उजेड आला नाही. चार्जिंगचं भोक नाही, सेल घालायला जागा नाही. कॅमेरा लावला आणि खालचे स्क्रू उघडले. आत वायर नाही, बल्ब नाही, काही नाही. हातात घेतल्यावर वजनदार वाटावं म्हणून गोंदाने चिकटवलेला एक लोखंडाचा तुकडा, बस. मला असा संताप आला... माझे विद्यार्थी असले डबे घ्यायला महिनोन्‌महिने खर्चाला कात्री लावतात. एक स्टार दिला आणि स्पष्ट लिहिलं – यात दिवा नाही, ही फसवणूक आहे. सोबत उघडलेल्या बीकनचा व्हिडिओ दिला.

आई शेजारी भाजी निवडत बसली होती. हे काय म्हणून विचारलं तिने. मी चिडलेलाच होतो, सोबतचं कार्ड मराठीत करून, नाटकी आवाजात वाचून दाखवलं – अथांग आकाशात वाट चुकलेल्यांना घर दाखवणारा दिवा.

"म्हणजे आकाशदीपच की," आई म्हणाली.

"हो, आकाशदीपच. फक्त पेटत नाही."

तिने पहिलं वाक्य ऐकलं. दुसरं सोडून दिलं.

बाहेरच्यांसाठी सांगतो. कार्तिकात पंचगंगा घाटावर उंच उंच बांबू उभे करतात, त्यांच्या टोकाला दोरीने टोपल्या चढवतात, टोपलीत दिवा. गेलेल्या माणसांना वाट दिसावी म्हणून. यंदा बाबांच्या नावाचा आमचाही होता. बंडूकाका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, दोरी ओढायचे. पण पहिल्याच संध्याकाळी वारा असा होता की बाबांचा दिवा चढवला की विझायचा, उतरवून लावला की पुन्हा विझायचा. शेजारचे सगळे जळत होते, आमचाच नाही. घाटावरची एक बाई आईला ऐकू जाईल असं काहीतरी बोलली. आई घरी येऊन जेवली नाही.

आता पुढचं तुम्हाला कळलंच असेल. मी कोचिंगला गेलो आणि आईने बीकन पदरात घालून घाट गाठला.

मी परत येताना घाटाकडे वळलो तेव्हा घाटाच्या वरच्या मशिदीच्या भिंतीवर दिवसाचा शेवटचा उजेड होता आणि खाली बंडूकाका ते यान हातात धरून उभे होते. त्यांच्या तोंडावर हसू मावत नव्हतं.

"वहिनी, हे प्लास्टिक आहे. दादा काय मंगळावर गेलाय?"

"कुठे गेलेत ते तुला ठाऊक आहे?" आई म्हणाली. "नाही ना? मग चढव. हा वाऱ्याने तरी विझणार नाही."

जे पेटतच नाही ते विझणार कसं, हे मी ओरडून सांगत पायऱ्या उतरत होतो. तोवर काकांनी दोरी ओढली होती. टोपली वर गेली, बांबूच्या टोकाला टेकली, जरा हलली.

आणि खिडकीत उजेड आला.

पिवळा, स्थिर. टोपलीच्या विणीतून बाहेर पडत होता. मी आधी मशिदीकडे बघितलं, मग नदीकडे, मग घाटावरच्या हॅलोजनकडे. हॅलोजन अजून लागले नव्हते. काकांच्या हातातून दोरी हिसकावली आणि टोपली खाली घेतली. अर्ध्यावर येताच उजेड गेला. हातात घेतलं तर थंडगार. किल्ल्यांच्या जुडग्याला माझा छोटा स्क्रूड्रायव्हर असतोच. तिथेच पायरीवर बसून उघडलं. गोंद. लोखंडाचा तुकडा. काका खांद्यावरून वाकून बघत होते, त्यांचं हसू गेलं होतं.

"सेल काढलेस का रे तू?"

स्क्रू लावले, आणि या वेळी दोरी मी ओढली. टोकाला गेलं... पेटलं.

खोटं बोलत नाही, भीती वाटली. पण भीतीपेक्षा राग जास्त होता. मी कोचिंगमध्ये पोरांना सांगतो, परिपथ पूर्ण असल्याशिवाय वीज वाहत नाही. इथे परिपथच नाही! आई मात्र शांत होती. हात जोडून वर बघत होती, बस. ओळखीचा नंदू नाववाला नाव बांधताना म्हणाला, "भइया, बाबूजी के दिया त सबसे तेज बा." आणि त्याने मोबाइल वर केला.

तिथून माझी खरी बरबादी सुरू झाली. नंदूची रील गावभर फिरली. कार्तिकी पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी ते यान चढायचं आणि पेटायचं. बांबूच्या बुडाशी लोक फुलं ठेवायला लागले. एकाने नारळ ठेवला. त्या लबाड कंपनीच्या प्लास्टिकला नारळ! मी लोकांना उघडून दाखवायचो, आत काही नाही बघा, तर ते अजूनच हात जोडायचे. पूर्वी माझी चेष्टा करणारे आता विचारायचे, "क्यों बाबू, फिजिक्स क्या कहता है?"

आणि ती रील कंपनीने उचलून आपल्या पानावर टाकली. बनारसच्या घाटावर उजळला आमचा बीकन. खाली माझ्या रिव्ह्यूची लिंक आणि एक हसरा चेहरा. मग वेबसाइटच्या मॅडमचा फोन. वाईट बाई नाही, पण तिच्यावरही दबाव होता.

"तपासण्यात चूक झाली, दिलगीर आहोत – दोन ओळी लिही, विषय संपला."

"चूक झाली नाही. व्हिडिओत दिसतंय, आत काही नाही."

"मग रीलमध्ये काय पेटलंय?"

"माहीत नाही."

"माहीत नाही असं रिव्ह्यूमध्ये लिहितात का रे?"

तिने विचार करायला दोन दिवस दिले, नाहीतर लेखकांच्या यादीतून माझं नाव काढणार. मी घरी येऊन बसलो. चूक झाली म्हणून लिहिलं, तर वस्तू चांगली, त्या चोरांचं फावलं, आणि घाटावर जे दिसलं ते साध्या सेलवरचं खेळणं ठरलं. आईने ज्याला हात जोडले ते खेळणं. चूक झाली नाही म्हटलं, तर ते पेटलं कसं? म्हणजे गल्लीतले सगळे मामेसासरे खरे. दोन्हीकडून माझंच नाक कापलं जाणार. आईवर ओरडलो. कशाला नेलंस ते घाटावर, माझं लिहिणं बंद पाडलंस.

आई म्हणाली, "मी काही लिहायला सांगत नाही. तू बघितलंस ना? मग झालं."

ती आत गेली. मी लॅपटॉप उघडून जुन्या रिव्ह्यूखाली लिहिलं – या वस्तूत दिवा नाही. वायर नाही, सेल नाही, लोखंडाचा तुकडा आहे. विकत घेऊ नका. हीच वस्तू पंचगंगा घाटावर बांबूच्या टोकाला चढवल्यावर पेटली. मी स्वतः दोरी ओढली. कारण मला माहीत नाही. एक स्टार कायम.

वेबसाइटने ते छापलं नाही, माझं नाव काढलं. कंपनी तोच माल अजून विकते आहे आणि लोक घेताहेत, बनारसमध्ये पेटतो म्हणून. हे लिहितानाही डोकं तापतंय. पौर्णिमेनंतर मी गच्चीवर बांबू बांधून ते यान टोपलीतून किती वेळा चढवलं – काही नाही. कॉलेजमधल्या माझ्या जुन्या सरांना दाखवलं. त्यांनी हलवून बघितलं, उघडून बघितलं आणि चहा मागवला.

मी आजही पितर मानत नाही. कुणी येऊन म्हणालं, बाबांनीच पेटवला, तर मी भांडेन. पण सेल होता, सूर्याचा उजेड होता, नजरेचा खेळ होता, असं कुणी म्हणालं तर त्याच्याशीही भांडेन, कारण मी तिथे होतो आणि तो नव्हता.

बाबा असते तर हे सगळं मी त्यांना वाचून दाखवलं असतं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं असतं आणि तेच विचारलं असतं.

हो बाबा. दोन्ही बघूनच लिहिलंय.