चावलेल्याची बदली

इंदूरच्या स्नेहलतागंजातले शामराव टेंबे भांडणं मिटवण्यात वाकबगार आहेत, असं त्यांचं स्वतःचं मत आहे. पोलोग्राउंडला पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात ते छत्तीस वर्षं सुपरवायझर होते आणि त्यांच्या शॉपमध्ये त्याच दोघांची मारामारी दुसऱ्यांदा कधी झाली नाही. गुपित साधं होतं. दोघांत जुंपली की ज्याला लागलं असेल त्याच्या खांद्यावर हात टाकून शामराव त्याला बाहेर न्यायचे, पोहे खिलवायचे, वर जास्तीची शेव घालायला लावायचे आणि म्हणायचे, "तू समजदार आहेस रे भिया. उद्यापासून पॅकिंगला जा." मारणारा आपल्या मशीनवर तसाच. त्याला सांगायला जाणार कोण? त्याचा हात चालतो ना.

निरोपसमारंभात साहेबांनी त्यांना 'शांतिदूत' म्हटलं. टाळ्या झाल्या. पॅकिंग खात्यानं जरा हळू वाजवल्या.

घरीही त्यांनी हेच तंत्र वापरलं. धाकटा बंटी घड्याळं दुरुस्त करतो. हॉलच्या खिडकीपाशी त्याचं टेबल होतं, कारण केसाएवढे स्क्रू दिसायला उजेड लागतो. थोरल्या हृषीकेशचं ऑफिस घरूनच सुरू झालं, तेव्हा त्यालाही तीच खिडकी हवी झाली, कारण व्हिडिओ कॉलवर तिथं चेहरा चांगला दिसतो. एके दिवशी त्यानं बंटीची उघडी घड्याळं हातानं खाली लोटली आणि बंटी बोलला तेव्हा त्याची कॉलर धरून एक ठेवून दिली. शामराव लगबगीनं उठले. बंटीच्या खांद्यावर हात. पोहे. शेव. "तू समजदार आहेस. काही दिवस मावशीकडे राहा."

मावशी जुनी इंदूरला, स्कूटरवर पंधरा मिनिटं. काही दिवसांचे सात महिने झाले. अरुंधतीबाई दर गुरुवारी लेकाला डबा पोचवत राहिल्या, आणि केर काढताना सापडलेले स्क्रू एका कुंकवाच्या डबीत जमवत राहिल्या.

एवढी शांतता करून झाल्यावर शामरावांनी मासे आणले. मासे बघितले की बीपी उतरतं असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. तीन फुटी टाकी, आत आफ्रिकन सिक्लिड. दुकानदार लक्ष्मणनं बजावलं होतं, "काकाजी, नर एकच घ्या, बाकी माद्या." पण माद्या मळकट, नर रंगीत. शामरावांनी चार माद्यांबरोबर एक निळा आणि एक पिवळा असे दोन नर उचलले. "राहतील ना मिळून. मी आहे."

निळ्यानं मधल्या मोठ्या दगडाखालची कपार बळकावली. पिवळा दिसला की सुटलाच त्याच्यामागे. आठवड्यात पिवळ्याच्या शेपटीच्या चिंध्या झाल्या आणि तो फिल्टरमागे लपून राहू लागला.

इंदूरच्या माणसाला कुठलंही भांडण पोट रिकामं असल्यामुळेच होतं असं वाटतं. शामराव दिवसातून पाचदा दाणे टाकू लागले. पाणी ताकासारखं झालं. निळा खाऊन ताजातवाना, दुप्पट जोमानं चावू लागला. तेव्हा शामरावांनी अनुभवाचा उपाय काढला. पिवळा बादलीत, बादली बाथरूममध्ये.

अरुंधतीबाईंनी बादलीत वाकून बघितलं. "ह्याचीही बदली झाली का?"

शामरावांनी बादलीत चार दाणे जास्तीचे टाकले.

दोन दिवस टाकीत शांती नांदली. मग निळा सगळ्यात बारक्या मादीला चावू लागला. घरात हे आधीच होऊन गेलं होतं. बंटी गेल्यावर हृषीकेश वडिलांच्या पेपर उलटण्याच्या आवाजावर डाफरू लागला होता आणि शामराव आता पेपर स्वयंपाकघरात, फ्रिजच्या आड बसून वाचत असत. तिथं हवा चांगली येते म्हणे.

बादलीतल्या पिवळ्याचा रंग उतरला, तेव्हा नवराबायको दोघं लक्ष्मणच्या दुकानात गेले.

"काकाजी, सब उलटा करून ठेवलंत," लक्ष्मण म्हणाला. "मार खाणाऱ्याला काढून काय फायदा? गुंडा तर तिथंच बसलाय. निळ्याला काढा. वेगळं ठेवा चार दिवस. तोवर आतले दगड इकडचे तिकडे करा आणि पिवळ्याला सोडा. निळा वापस आला की त्याला वाटेल, हे दुसऱ्या कुणाचं घर आहे. पाहुण्यासारखा राहील."

"पण तो सीनियर आहे."

"काकाजी, मासा आहे."

आजवर माशांबद्दल एक शब्द न विचारलेल्या अरुंधतीबाई पुढे आल्या. "चार दिवस पुरतात?"

"पुरतात काकी. पण दगड हलवायला भुलू नका. नाहीतर आल्या आल्या जुनी जागा पकडेल."

"दगड हलवायचे," अरुंधतीबाई स्वतःशी म्हणाल्या.

सोमवारी कंपनीनं हृषीकेशला चार दिवस पुण्याला बोलावलं. शामरावांनी जड मनानं निळ्याला बादलीत घातलं आणि पिवळ्याला टाकीत सोडलं. ते टाकीतले दगड रचत होते, तेवढ्यात जिन्यात धडधड झाली. बंटी आला होता, अवजारांची पेटी घेऊन. मायलेकांनी दिवाण भिंतीला लावला, कपाट फिरवलं, हृषीकेशचं टेबल आतल्या खोलीत नेलं आणि खिडकीपाशी बंटीचं मांडलं. त्यावर अरुंधतीबाईंनी कुंकवाची डबी ठेवली. बंटीनं उघडून बघितली आणि बराच वेळ मान खाली घालून स्क्रू निवडत बसला.

"हे काय चाललंय?" शामरावांनी विचारलं.

"दगड हलवतोय," अरुंधतीबाई म्हणाल्या.

शुक्रवारी सकाळी निळा टाकीत परतला. कपार नव्हती. काचेला लागून तो इकडून तिकडे फिरत राहिला. पिवळा फिल्टरमागून निघून दाण्यांपर्यंत आला. निळ्यानं एकदा अंगावर जाऊन बघितलं, पण चावायला जागा स्वतःची लागते, ती त्याला सापडेना.

तासाभरानं हृषीकेश बॅग घेऊन दारात उभा राहिला.

"माझं टेबल कुठाय?"

"आत," अरुंधतीबाई म्हणाल्या. "ट्यूबलाइट आहे तिथं."

"मला अकराला मीटिंग आहे. बंट्या, ऊठ."

बंटीनं भिंग डोळ्यावरून काढलं नाही. शामराव छत्तीस वर्षांच्या सवयीनं उठले, बंटीपाशी गेले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू समजदार..."

"तो हात काढा," अरुंधतीबाई म्हणाल्या. त्यांच्या हातात पोह्यांची प्लेट होती. "आज बदली थोरल्याची झालीय. त्याला खिलवा."

शामरावांनी बंटीकडे बघितलं, मग टाकीकडे, मग थोरल्याकडे. प्लेट घेतली. हृषीकेशच्या खांद्यावर हात टाकायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला, पण टाकला, आणि त्याला आतल्या खोलीकडे वळवलं.

"तू समजदार आहेस रे," ते म्हणाले. हे वाक्य ते पहिल्यांदाच चावणाऱ्याला म्हणत होते. "शेव जास्त घे."

मग ते स्वयंपाकघरात गेले, फ्रिजआडची खुर्ची उचलून हॉलमध्ये आणली, टाकीसमोर ठेवली आणि पेपर मोठ्यानं उलटला.