बैलबंड्यांमागं काळा झालेला प्लग

गाडीवाल्या दोस्तांनो, आज दिग्रसच्या बाजारात फटफटीचा प्लग काढला, तर काळाकुट्ट अन् ओला. पेट्रोलमध्ये मिसळतो ते ऑइल जास्त होतंय म्हणून मी ते कमी करायला निघालो.

मागं बसून आलेली बायको म्हणाली, "अवो, जिनिंगच्या कारखान्यापासून कापसाच्या बैलबंड्याईमागं हळूहळू रांगत आलो. मंग काळा नाही होईन तं काय?"

मले रागच आला. पण पुसदच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी जोरात पळवली, धावतीच बंद केली अन् तिथंच प्लग पाहिला. भाजलेल्या भुईमुगासारखा तांबूस! म्हणजे ऑइल बरोबरच होतं, प्लग हळू चालवल्यानंच काळा झालता.

कमी केलं असतं तर भर रस्त्यात इंजिन जाम होऊन दोघंही आपटलो असतो. अन् तरी मी म्हटलं असतं, प्लग काळा होता ना!

खरं सांगा, तुम्ही प्लग कुठं काढून पाहता?