ओल्या पोत्याखालची हरळी

"मॅडम, इथल्या बंगल्यावरची निंदणारी बाई वारली. तुमच्या शाळेचा नंबर तिनं लिहून घेतला होता, म्हणून फोन केला." वर्ध्याच्या सरकारी बंगल्याच्या कार्यालयातला बाबू बोलत होता. मी हिंगणघाटला शाळेत शिकवते. मुख्याध्यापकांच्या टेबलापाशी फोन कानाला लावून उभी होते, बाहेर भादव्याचा पाऊस लागून होता. रडू यायला पाहिजे होतं, आलं नाही. तोंडातून निघालं ते एवढंच, "माळी." तो म्हणाला, "काय?" मी म्हटलं, "निंदणारी बाई नाही. त्या माळी होत्या. तुमचा हजेरीपट काढून बघा." पलीकडून आवाज आला, "बरं बरं, जे असेल ते. तुम्ही या." गेले पाच आठवडे ते 'जे असेल ते' माझ्या कानातून जात नाही. म्हणून हे लिहायला बसले.

ती माझी मोठीमाय. माझ्या बाबांच्या थोरल्या भावाची बायको. आम्ही मूळचे रोहण्याचे. गावात आमच्या नावावर वीतभर वावर नव्हतं. आमच्या घरच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या कपाशीत, पऱ्हाटीत वाकून निंदण करत आल्या. मोठेबाबांना वर्ध्याला सरकारी बंगल्यावर माळ्याचं काम मिळालं आणि मोठीमाय त्यांच्यासोबत आली. वर्ध्याच्या कडेला बोरगाव मेघ्यात एक खोली, भिंतीवर बुद्धाचा फोटो, दारात पाण्याचा रांजण. मोठेबाबा काविळीनं गेले. त्यांच्या जागी तिला घेतलं, पण माळी म्हणून नाही, मजूर म्हणून. मी मॅट्रिक झाले तेव्हा बाबा म्हणाले, आता बस झालं. हे कळल्यावर मोठीमाय एस.टी.नं रोहण्याला आली, पाणीही न पिता म्हणाली, "पोरगी माया संग येते. तुमी फक्त हो म्हना." त्या खोलीतून मी बी.ए. झाले. आमच्या घराण्यातली पहिली. हे मी मिरवून सांगते, आणि सांगत राहणार.

बंगल्यापुढं मोठं लॉन होतं. तिथं उतरणारे साहेब त्याला 'हिरवळ' म्हणत, खुर्च्या टाकून चहा घेत. ती होती आपली साधी हरळी. वावरात जिचं एक कांडं राहिलं तर कास्तकाराची झोप उडते, जिला खोदून, झटकून, धुऱ्याच्या बांधावर वाळत घालून आमच्या बायकांची हाडं झिजली, तीच हरळी. रोहण्याहून आलेले पाहुणे हसायचे. "काय व मोठे, जलमभर जिले खोदली तिले आता पानी पाजून राह्यली?" मोठीमाय म्हणायची, "हो. दुसऱ्याच्या वावरात तिले मारली, इथं तिले पोसतो. तुमच्या पोटात काऊन दुखते?" 

उन्हाळ्यात लॉन कोणीही सांभाळेल, पाणी द्यायचं की झालं, असं ती म्हणे. खरी परीक्षा पावसाळ्यात. आपली काळी माती. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि दोन झडी लागल्या की तीच माती लोण्यासारखी होते. त्यावर बुटाचा पाय पडला की खड्डा, खड्ड्यात पाणी, पाण्यात गवत सडलं. म्हणून मृग लागण्याआधीच ती कडेचे चर कोरून मोकळे करायची. पाणी साचेल तिथं सब्बलीनं भोकं पाडून त्यात रेती भरायची. लव्हाळा वरून तोडायचा नाही, खालची गाठ धरून उपसायचा. दोन दिवस ऊन पडल्याशिवाय कापायचं यंत्र बाहेर काढायचं नाही, आणि काढलं तरी पातं वर ठेवायचं, कारण पावसात गवताला जरा अंगभर राहू द्यावं लागतं. सगळ्यात मोठा नियम म्हणजे आषाढ-श्रावणात लॉनवर जायचं तर अनवाणी. तिची चप्पल कडेच्या दगडावर असायची. चप्पल दिसली की समजायचं, मोठीमाय आत आहे.

एवढं सगळं करणारी ती, आणि हजेरीपटात तिच्या नावापुढं 'मजूर'. माळी म्हणून एक बापूराव आणला होता. माणूस वाईट नव्हता, पण त्याला घाई फार. भर पावसात यंत्र काढायचा, चाकांच्या नाल्या पडायच्या, मग मोठीमाय आठ दिवस त्या बुजवत बसायची. 

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, सत्तरचं दशक सरत आलं होतं, त्या श्रावणातली गोष्ट. माझी आई तापानं पडली म्हणून मोठीमाय दोन दिवस रोहण्याला गेली. नागपूरचे मोठे साहेब मुक्कामाला येणार असा निरोप आला. लॉनमध्ये लव्हाळा आणि गाजरगवत माजलेलं. बापूरावनं गावातून आठ-दहा निंदणाऱ्या बायका बोलावल्या, "सगळं खराब गवत काढा" म्हणाला आणि चहाला गेला. बायका पऱ्हाटीतल्या. त्यांच्या लेखी हरळीहून खराब गवत कोणतं? निंदणाच्या पाती, म्हणजे ओळी, धरून बसल्या आणि दुपारपर्यंत अर्धं लॉन वीतभर खोल खोदून काढलं. कांडं न्‌ कांडं वेचलं, माती झटकली, कडेला ढीग रचले. लव्हाळा कोवळा होता, तो त्यांनी उद्यावर ठेवला! बापूराव परत आला तर पुढं काळीभोर जमीन आणि बायका पदरानं तोंड पुसत शाबासकीची वाट पाहताहेत. "पाहा भाऊ, एक मुळी ठेवली नाई." बापूराव खालीच बसला. दुसऱ्या दिवशीपासून तो कामावर आलाच नाही, पोट दुखते म्हणून निरोप.

मोठीमाय संध्याकाळच्या एस.टी.नं परतली, ती सरळ बंगल्यावर गेली. मी सोबत होते. मला वाटलं ती डोकं धरून बसेल. ती हसली. पोट धरून हसली. "बायाईनं काम तं असं केलं सुमे, का कोनी नाव नाई ठेवन!" मग हसणं थांबवून तिनं पोती मागवली, पाण्यात बुडवली आणि हरळीच्या ढिगांवर एकेक पसरली.

सकाळी बंगल्याचं काम पाहणारे ओव्हरसियर आले, लालबुंद. त्या बायकांना पुन्हा कामावर घेणार नाही म्हणाले. मोठीमाय म्हणाली, "त्याईची चूक नाई सायेब. ज्याले गवत वळखता येत नाई त्यानं सांगतलं, त्याईनं केलं." ओव्हरसियर म्हणाले, "बरं, आता तू लावून टाक." ती जागची हलली नाही. "लावतो. पन माळ्याचं काम माळी करन. हजेरीपटात माया नावापुढं माळी लिवा, मंग लावतो." ते हसले. "बाईमाणूस कुठं माळी असते का?" ती म्हणाली, "मंग गड्याले सांगा," आणि जाऊन चराच्या काठावर बसली.

तीन दिवस बसली. हजेरीला वेळेवर यायची, सांगितलं तर पाणी भरायची, झाडायची, पण लॉनला हात नाही. उघड्या जमिनीतली माती पावसानं वाहून चरात जात होती. मी घाबरले होते, लपवत नाही. काम गेलं तर ती कुठली नि मी कुठली. रोहणा आणि पाती हेच पुढं दिसत होतं. दुसऱ्या संध्याकाळी मी म्हटलं, "मोठीमाय, जाऊ दे ना. मजूर काय नि माळी काय, काम तर तेच." तिनं भाकर थापता थापता माझ्याकडं पाहिलं. "तू कालेजात भेव शिकाले जाते काय? उद्या तुले कागद भेटन, त्यावर बी.ए. नाई लिवलं, नुसतं पोरगी लिवलं, तं चालन तुले?" रात्रीच मी तिच्या नावानं अर्ज लिहिला. माझ्या हातचा आयुष्यातला पहिला अर्ज.

आणि एक गोष्ट ओव्हरसियरना कधीच कळली नाही. त्या तीन दिवसांत सकाळ-दुपार-संध्याकाळ पावसानं उघडीप दिली की ती उठून पोती भिजवायची. हट्ट तिचा साहेबाशी होता, हरळीशी नव्हता.

चौथ्या दिवशी साहेबांच्या येण्याचा दिवस पक्का झाला. ओव्हरसियरनी अर्जाकडं नीट पाहिलंही नाही. बाबूला म्हणाले, "लिहा बुवा, हिच्या नावापुढं माळी लिहा." बाबूनं लिहिलं. मोठीमायला अक्षर येत नव्हतं. ती टेबलापाशी गेली, पावसानं भिजलेल्या पदरावर बोट ओलं केलं आणि त्या शब्दावरून फिरवलं. शब्द जसाच्या तसा. "हे पेनसीलीनं लिवलं," ती म्हणाली. "शाई असती तं पसरली असती. लॉन झालं का खोडान तुमी." मी बाजूलाच उभी होते, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला, वाचताही येत होतं, पण माझ्या ध्यानात आलं नव्हतं. ओव्हरसियर खिडकीबाहेर पाहू लागले. बाबूनं मुकाट्यानं शाईचा पेन काढला. तिनं पुन्हा बोट फिरवलं. शाई पसरली. 'माळी'च्या शेपटीपासून निळा ओघळ रकान्याबाहेर गेला. "आता ठीक," म्हणाली आणि चप्पल दगडावर काढून लॉनमध्ये उतरली.

हरळीची कांडी दोन-दोन डोळ्यांची तोडून तिनं चिखलात रोवली, ओळीनं, आणि पावलानं दाबत गेली. मदतीला त्याच बायका बोलावल्या, ज्यांनी उपटली होती त्याच. एकजण म्हणाली, "जगन काय व हे?" मोठीमाय म्हणाली, "आपून इतकी मारली, मेली काय? मंग इथं काऊन मरन?" मोठे साहेब आले तेव्हा जमिनीवर नुसते हिरवे ठिपके होते. ते सरळ बूट घालून निघाले. ओव्हरसियर मागे. मोठीमायनं हात आडवा केला. "पायातले काढा सायेब, पिल्लं हायेत." साहेबांनी त्या ठिपक्यांकडं पाहिलं आणि बाहेरूनच परत फिरले. दसऱ्यापर्यंत ठिपके एकमेकांना भेटले. दिवाळीला तिथं काही घडलं होतं हे कोणाला पटलं नसतं.

पुढं कितीतरी पावसाळे तिनं त्या लॉनवर काढले. मी बी.ए. झाले, नोकरीला लागले, ये म्हटलं तर यायची नाही. "झड लागली सुमे, चर कोन पाह्यीन?" यंदाच्या भादव्यात चर मोकळा करता करताच ती बसली. बसलेली उठली नाही. विहारात पंचशील झालं, त्या जुन्या निंदणाऱ्या बायांतल्या तिघी पांढऱ्या लुगड्यात आल्या होत्या. त्यांच्यापैकी एकीनंही तिला निंदणारी म्हटलं नाही.

मागच्या आठवड्यात तिचं सामान घ्यायला मी बंगल्यावर गेले. खुरपं, सब्बल, दगडावरची चप्पल. नळाखाली एक पोतं होतं, कोणी भिजवलं कोण जाणे. उचललं तर खाली हरळीची कांडी, हिरवी. लॉनच्या कोपऱ्यात एक टक्कल पडलं होतं, त्यासाठी काढून ठेवली असणार. मी चप्पल काढली, पदर खोचला आणि रोवून टाकली. मग तशीच ओल्या हातानं कार्यालयात गेले आणि म्हटलं, तिच्या कामाचा दाखला द्या. बाबू नवीन, तोच फोनवरचा. त्यानं लिहायला घेतलं, 'मजूर'. मी म्हटलं, आधी जुना हजेरीपट काढा. कुरकुरत काढला, पानं उलटली आणि थांबला. निळा ओघळ रकान्याबाहेर गेलेला, वाळून फिका पडलेला, पण होता. मग त्यानं नवा कागद घेतला आणि शाईच्या पेनानं लिहिलं, 'माळी'.

मी ओलं बोट पुढं केलं आणि त्या शब्दावरून फिरवलं.

"अहो मॅडम, काय केलं हे! पसरलं सगळं. थांबा, दुसरा लिहून देतो."

"नको," मी म्हटलं. "असाच पाहिजे."